गेमिंग संगणकाचे श्रेणीवर्धन : मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा क्रम

गेमिंग संगणकाचे श्रेणीवर्धन म्हणजे संगणकीय खेळांसाठी वापरात असलेल्या संगणकाचे भाग एकदम न बदलता गरज आणि ऐपत यांनुसार टप्प्याटप्प्याने बदलत जाणे होय. व्यवहारात यासाठी ‘अपग्रेड’ हाच शब्द रूढ आहे. या टप्प्यांत आधी मॉनिटर बदलावा की आधी ग्राफिक्स कार्ड, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. हे दोन्ही भाग संगणकातील सर्वांत खर्चिक भागांपैकी आहेत आणि एकाची उपयुक्तता दुसऱ्यावर अवलंबून असते. ग्राफिक्स कार्ड दर सेकंदाला काही चित्रे तयार करते. मॉनिटर दर सेकंदाला काही चित्रे दाखवू शकतो. या दोन संख्यांपैकी जी लहान असेल, तेवढीच पूर्ण चित्रे खेळणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात.

संगणकात सध्या कोणते भाग आहेत, कोणते खेळ खेळले जातात, तसेच घरातील वीज, उष्णता आणि दुरुस्तीची सोय कशी आहे, यांवरून या प्रश्नाचे उत्तर ठरते. यांपैकी शेवटच्या बाबींकडे मोठ्या शहरांतील ग्राहक समोर ठेवून केलेल्या मार्गदर्शनात क्वचितच लक्ष दिले जाते. परभणीसारख्या जिल्ह्यात मात्र त्याच निर्णायक ठरू शकतात.

पार्श्वभूमी

संगणकाच्या खेळांतील चित्रे पूर्वी मुख्य प्रक्रियक अर्थात प्रोसेसरच तयार करीत असे. १९९० च्या दशकात त्रिमितीय चित्रांसाठी स्वतंत्र कार्डे बाजारात आली. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड ‘ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट’ या नावाने विकण्यास सुरुवात केल्यापासून ‘जीपीयू’ ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. त्या काळातील काचेच्या नळीचे, म्हणजेच सीआरटी मॉनिटर ७५ किंवा ८५ हर्ट्झवर सहज चालत. पुढे सपाट एलसीडी पडदे आले, जागा आणि वीज वाचली, पण रिफ्रेश दर बहुतेक घरांत ६० हर्ट्झवर आला. गतीच्या बाबतीत ही पीछेहाटच होती. १२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर २००९ मध्ये आले आणि त्यानंतर काही वर्षांत १४४ हर्ट्झ हा गेमिंग मॉनिटरचा सर्वसाधारण मापदंड बनला.

परभणी जिल्हा मराठवाड्यात गोदावरीच्या खोऱ्यात असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम हे त्याचे नऊ तालुके होत. महाराष्ट्राच्या इतर ग्रामीण जिल्ह्यांप्रमाणे येथेही संगणकाशी पहिली ओळख अनेकांना सायबर कॅफेत किंवा एमएस-सीआयटीच्या केंद्रात झाली. हा अभ्यासक्रम २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन मर्यादित (एमकेसीएल) या संस्थेचा आहे. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटामुळे खेळ मुख्यतः मोबाइलवर गेले. त्यातूनच पुढे काही तरुण संगणकावरील खेळांकडे वळले.

कापूस, सोयाबीन आणि तूर ही जिल्ह्यातील प्रमुख पिके असल्याने शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांचे उत्पन्न हंगामी असते. पगारदार घरांतही संगणकावरील मोठा खर्च काही वर्षांतून एकदाच होतो. क्रमाचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो तो याच कारणाने. महानगरातील खरेदीदार चुकीचा भाग घेतल्यास तो परत करून किंवा विकून दुसरा घेऊ शकतो. येथे चुकीची खरेदी दुरुस्त होण्यास पुढचा हंगाम, कधी पुढची दोन-तीन वर्षे लागतात.

रिफ्रेश दर आणि फ्रेम दर

मॉनिटर एका सेकंदात पडद्यावरील चित्र जितक्या वेळा नव्याने रंगवतो, त्या संख्येस रिफ्रेश दर म्हणतात आणि तो हर्ट्झ या एककात मोजतात. ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात जितकी चित्रे तयार करते, तो फ्रेम दर होय. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दोन चित्रांमधील अंतर १६.६७ मिलिसेकंद असते. १४४ हर्ट्झवर ते ६.९४ आणि २४० हर्ट्झवर ४.१७ मिलिसेकंद होते. ६० वरून १४४ हर्ट्झवर गेल्याने जवळपास दहा मिलिसेकंदांची बचत होते. १४४ वरून २४० वर गेल्याने तीन मिलिसेकंदांहूनही कमी. पहिली उडी बहुतेकांना लगेच जाणवते, दुसरी जाणवण्यास सरावलेली नजर लागते. ७५ हर्ट्झचा मॉनिटर हा ‘गेमिंग’ म्हणून विकला जात असला, तरी त्यातील फरक ३.३ मिलिसेकंदांचाच आहे. केवळ त्यासाठी चालू स्थितीतील ६० हर्ट्झचा मॉनिटर काढून टाकणे समर्थनीय नाही.

कार्डाचा फ्रेम दर मॉनिटरच्या रिफ्रेश दरापेक्षा जास्त असल्यास जादा चित्रे पूर्णपणे वाया जातात, असे सरसकट म्हणता येत नाही. १५० फ्रेम तयार करणाऱ्या कार्डामुळे ६० हर्ट्झच्या पडद्यावरही तुलनेने ताजे चित्र दिसते आणि माउसची हालचाल व पडद्यावरील परिणाम यांतील विलंब किंचित घटतो. मात्र एका चित्राचा वरचा आणि दुसऱ्याचा खालचा भाग एकत्र दिसल्याने पडदा आडवा चिरल्यासारखा भासतो. या दोषास ‘टेअरिंग’ म्हणतात. तो टाळण्यासाठी ‘व्ही-सिंक’ ही सोय वापरली, की कार्ड मॉनिटरच्या वेळापत्रकाची वाट पाहते. अशा वेळी कार्ड ५५ फ्रेमच तयार करू शकत असेल, तर काही खेळांत फ्रेम दर थेट ३० वर घसरतो.

यावर तोडगा म्हणून मॉनिटरनेच कार्डाच्या गतीने चालावे, अशी योजना निघाली. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘जी-सिंक’ जाहीर केले. २०१४ मध्ये व्हेसा या मानक संस्थेने ‘अडॅप्टिव्ह-सिंक’ डिस्प्लेपोर्टच्या मानकात समाविष्ट केले आणि एएमडीचे ‘फ्रीसिंक’ त्यावर आधारलेले आहे. सुरुवातीला जी-सिंकच्या मॉनिटरमध्ये एनव्हिडियाचा स्वतंत्र भाग बसवावा लागत असल्याने ते बरेच महाग होते. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियानेही जीटीएक्स १० मालिका आणि त्यापुढील कार्डांवर अडॅप्टिव्ह-सिंकचे मॉनिटर चालू दिले, तेव्हापासून स्वस्त मॉनिटरमध्येही ही सोय उपयोगी ठरू लागली.

या तंत्राचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. त्याचा सर्वाधिक लाभ दुबळ्या कार्डाला होतो. ४८ ते १४४ हर्ट्झ असा पल्ला असलेल्या मॉनिटरवर कार्डाचा दर ४५ फ्रेमपर्यंत घसरला, तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून मॉनिटर ९० हर्ट्झवर चालतो आणि हालचाल तुटत नाही. यासाठी कमाल दर किमान दराच्या दुपटीहून बराच अधिक असावा लागतो. ४८ ते ७५ हर्ट्झ पल्ल्याच्या मॉनिटरला हे साधत नाही. ‘कार्ड कमजोर आहे, म्हणून चांगला मॉनिटर घेऊन उपयोग नाही’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे.

रिझोल्यूशनचा भार

१९२० × १०८० या रिझोल्यूशनच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. २५६० × १४४० वर ३६,८६,४००, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे अधिक, आणि ३८४० × २१६० वर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. कार्डावरील भार नेमका याच प्रमाणात वाढत नसला, तरी दिशा हीच असते. १०८० वर ६० फ्रेम देणारे कार्ड १४४० वर सर्वसाधारणपणे ४० च्या आसपास येते.

म्हणूनच ‘मॉनिटर आधी’ या सल्ल्याचे दोन अगदी भिन्न अर्थ होतात. त्याच रिझोल्यूशनचा, पण अधिक रिफ्रेश दराचा मॉनिटर घेतल्यास कार्डावर कोणतेही नवे ओझे पडत नाही. अधिक रिझोल्यूशनचा मॉनिटर घेतल्यास मात्र ती खरेदी आपोआप पुढच्या कार्डाचीही खरेदी होऊन बसते. पाण्याच्या मोटारीची ताकद तीच ठेवून शेतातली जलवाहिनी लांबवत नेली, तर शेवटच्या ठिबक नळीला थेंबही मिळत नाही, तसा हा प्रकार आहे.

नवा मॉनिटर कमी रिझोल्यूशनवर चालवता येतो, हा युक्तिवाद १४४० च्या बाबतीत फारसा टिकत नाही. १०८० चे चित्र १४४० च्या पडद्यावर ताणताना एका पिक्सेलच्या जागी पावणेदोनांहून थोडे अधिक पिक्सेल येतात आणि अक्षरे, कडा धूसर होतात. २१६० च्या पडद्यावर एका पिक्सेलच्या जागी बरोबर चार पिक्सेल बसतात. त्यामुळे कार्डात पूर्णांकी विस्ताराची सोय असल्यास चित्र स्वच्छ राहते.

पडद्याचा आकारही पाहावा लागतो. २४ इंची पडद्यावर १०८० रिझोल्यूशन असल्यास एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल येतात. २७ इंचीवर तेच ८२ होतात आणि हातभर अंतरावरून ठिपके दिसू लागतात. २७ इंची आणि १४४० या जोडीत ही संख्या १०९ होते. केवळ आकार मोठा म्हणून २७ इंची १०८० मॉनिटर घेणारे पुढे पस्तावण्याचा संभव असतो.

नवा मॉनिटर घेण्यापूर्वीच आपले कार्ड अधिक रिझोल्यूशन पेलेल की नाही, हे तपासता येते. एनव्हिडियाचे ‘डीएसआर’ आणि एएमडीचे ‘व्हीएसआर’ या २०१४ पासून उपलब्ध असलेल्या सोयींमुळे जुन्या १०८० मॉनिटरवरही खेळ १४४० मध्ये तयार करवून घेता येतो. चित्र पडद्याच्या मापात लहान होऊन दिसते, पण कार्डावरचा भार खराखुरा असतो. या चाचणीला एक पैसाही लागत नाही, तरीही ती फारच थोडे जण करतात.

चित्रविस्तार तंत्रे

कमी रिझोल्यूशनमध्ये तयार केलेले चित्र गणिती पद्धतीने मोठे करण्याच्या तंत्रांमुळे वरील हिशेब काहीसा सैल झाला आहे. एनव्हिडियाचे ‘डीएलएसएस’ आरटीएक्स २० मालिकेपासून मिळते आणि मार्च २०२० मधील दुसऱ्या आवृत्तीपासून त्याचा दर्जा लक्षणीय सुधारला. एएमडीचे ‘एफएसआर’ जून २०२१ मध्ये आले. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्या जुन्या तसेच अन्य कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात. जीटीएक्स १६५० सारख्या कार्डाला डीएलएसएस मिळत नाही, एफएसआर मिळते. ही तंत्रे अधिक रिझोल्यूशनच्या पडद्यावर अधिक चांगली दिसतात, कारण त्यांना आधारासाठी मुळातच जास्त पिक्सेल मिळतात. १०८० च्या पडद्यावर चित्र मऊ पडते.

दोन खऱ्या चित्रांमध्ये एक कृत्रिम चित्र घालणारी ‘फ्रेम जनरेशन’ ही सोय वेगळी समजावी. ती २०२२ च्या आरटीएक्स ४० मालिकेपासून प्रचारात आली. तिच्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसचा विलंब घटत नाही, उलट थोडा वाढतो. मूळ दर साठच्या आसपास नसेल तर तिचा उपयोग नाही, आणि मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल तर वाढलेल्या फ्रेम दाखवायला जागाच नसते. नव्या कार्डाच्या जाहिरातीतील मोठे आकडे पाहताना हे ध्यानात ठेवणे हिताचे.

एकाच संगणकाची दोन उत्तरे

सहा गाभ्यांचा बऱ्यापैकी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड आणि ६० हर्ट्झचा १०८० मॉनिटर, असा संगणक महाराष्ट्रातील लहान शहरांत सहज आढळू शकेल. हे कार्ड एप्रिल २०१९ मधील असून त्यात ४ जीबी स्मृती आहे.

या संगणकावर ‘व्हॅलोरंट’ (२०२०) खेळला जात असेल, तर कार्ड शंभराहून बऱ्याच अधिक फ्रेम तयार करते आणि मॉनिटर त्यांपैकी ६० दाखवतो. येथे मॉनिटर आधी बदलावा, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. त्याच संगणकावर ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) खेळायचा असेल, तर मध्यम चित्रगुणवत्तेवरही कार्ड ६० फ्रेमपर्यंत पोहोचत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर तेथे बहुतांशी रिकामा बसेल आणि कार्डाची ४ जीबी स्मृती नव्या खेळांतील पृष्ठचित्रांना अपुरी पडेल. येथे कार्ड आधी.

संगणक तोच, किंमत तीच. बदलला तो खेळ. म्हणून ‘माझ्याकडे अमुक कार्ड आहे, काय घेऊ?’ हा प्रश्न जोवर खेळाचे नाव सांगितले जात नाही, तोवर अपुराच असतो. घरात दोघे भाऊ दोन वेगळे खेळ खेळत असतील, तर वादाचा निकाल तंत्रज्ञानाने लागणे कठीण.

अडथळा नेमका कोठे आहे, हे शोधण्याची पद्धत सोपी आहे. खेळ चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये किंवा तत्सम मापक प्रणालीत ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. फ्रेम दरावर कोणतीही मर्यादा घातलेली नसताना तो ९५ टक्क्यांहून अधिक राहत असेल, तर कार्डच मर्यादा आहे. तो ६० ते ७० टक्क्यांवर घुटमळत असेल, तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडत आहे. पडताळणीसाठी खेळाचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम दर वाढला नाही, तर नवे कार्डही तो वाढवणार नाही. अशा संगणकात रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल, तर दुसरी तशीच पट्टी घालणे हा या दोन्ही खरेदींपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय असतो.

वीज आणि उष्णता

मॉनिटर बदलल्याने संगणकाच्या विजेच्या मागणीत फारसा फरक पडत नाही. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते ३० वॉट घेतो. कार्डाचे तसे नाही. जीटीएक्स १६५० ची मर्यादा ७५ वॉट आहे आणि पीसीआय एक्सप्रेसची खाच तेवढीच वीज पुरवू शकते, त्यामुळे त्याच्या अनेक आवृत्त्यांना वेगळी जोडणी लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५, आरएक्स ६६०० ला १३२ आणि आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात. २०२५ मधील आरटीएक्स ५०९० साठी हा आकडा ५७५ वर गेला.

म्हणजे कार्ड बदलताना एसएमपीएसचीही तपासणी करावी लागते. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ असे छापलेले असले, तरी १२ व्होल्टच्या वाहिनीवर तो किती भार घेतो, हे लेबलावर स्वतंत्र पाहावे. नूतनीकरण करून विकले जाणारे जुने कार्यालयीन संगणक स्वस्त असल्याने विद्यार्थ्यांमध्ये प्रिय आहेत. त्यांपैकी अनेकांचा एसएमपीएस खास मापाचा असतो, त्यात कार्डासाठीची सहा किंवा आठ टाचण्यांची जोडणी नसते, आणि सडपातळ कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावतही नाही. अशा संगणकासाठी कार्डाचे पर्याय थोडे असतात. तेथे मॉनिटर आधी घेणे हा बऱ्याचदा निवडीचा नव्हे, तर नाइलाजाचा निर्णय असतो.

परभणी जिल्ह्यातील वीजपुरवठा महावितरणकडून होतो. मराठवाड्याने दीर्घ भारनियमनाची वर्षे पाहिली आहेत. आज स्थिती पुष्कळ सुधारली असली, तरी वळवाच्या वादळात आणि पावसाळ्यात पुरवठा खंडित होणे नवे नाही. घरगुती वापराचा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस सुमारे ३६० वॉटचा भार पेलतो. १७० वॉटचे कार्ड, शंभर वॉटच्या आसपास घेणारा प्रोसेसर, मॉनिटर आणि उरलेले भाग मिळून ही मर्यादा जवळ येते. जुन्या, क्षीण झालेल्या बॅटरीवर मग संगणक नीट बंद करण्याइतकाही वेळ मिळत नाही. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना चौकोनी लहरीची वीज देतात आणि नव्या एसएमपीएसना ती मानवेलच असे नाही. कार्डाच्या किमतीत यूपीएसची किंमत मिळवूनच तुलना केली पाहिजे.

वीजबिलाची भीती मात्र अनेकदा वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते. ११५ आणि १७० वॉटच्या दोन कार्डांमधील ५५ वॉटचा फरक रोज तीन तास धरला, तरी महिन्याला सुमारे पाच युनिट होतो.

उष्णता ही त्याहून खरी अडचण आहे. परभणीत मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते. कार्डाचे पंखे खोलीतील हवेनेच चिप थंड करतात. खोली पंधरा अंशांनी तापली, की चिपही जवळपास तेवढीच अधिक तापते. ठरावीक मर्यादेजवळ, म्हणजे अनेक कार्डांत ८३ अंशांच्या आसपास, कार्ड आपली गती स्वतःच कमी करते. परदेशी प्रयोगशाळांतील चाचण्या सहसा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात, म्हणून त्यांतील फ्रेम दर पत्र्याच्या छताखालच्या खोलीत उन्हाळी दुपारी तसेच्या तसे मिळण्याची अपेक्षा करू नये. अडॅप्टिव्ह-सिंकच्या मॉनिटरवर फ्रेम दराला ७० किंवा ९० अशी मर्यादा घातली, तर खेळ तुटक होत नाही आणि कार्ड बरेच थंड राहते. या हवामानात मॉनिटरच्या बाजूने असलेला हा एक मुद्दा आहे. कापसाच्या तंतूंनी आणि धुळीने भरलेली कॅबिनेटची जाळी साफ केल्याने मिळणारा लाभ मात्र दोन्ही खरेदींच्या आधीचा.

किंमत, कर आणि बाजार

भारतात ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरील कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या मॉनिटरला हीच सवलत २२ सप्टेंबर २०२५ पासून मिळाली. २०२४ च्या सुमारास १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक दराचा, २४ इंची, आयपीएस पडद्याचा मॉनिटर साधारण दहा ते पंधरा हजार रुपयांत मिळत असे, तर आरटीएक्स ४०६० साठी तीस हजारांच्या आसपास मोजावे लागत. मॉनिटर आधी घेण्याच्या बाजूने हा फरक पुष्कळ काही सांगतो. पैसे थोडे असताना तो एकटाच आवाक्यातला असतो.

कार्डाच्या किमती मात्र केवळ तंत्रज्ञानावर ठरत नाहीत. २०२० ते २०२२ या काळात कूटचलनाच्या खाणकामामुळे कार्डांची टंचाई होती आणि ती मूळ किमतीच्या दुपटीनेही विकली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धत सोडल्यावर वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून वाढलेल्या मागणीमुळे स्मृतिचिप्स महागल्या आणि किमतींवर पुन्हा दबाव आला. एनव्हिडियाचे एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यात असले, तरी चिप्स मुख्यतः तैवानमध्ये घडतात आणि रुपया-डॉलर दराची झळ परभणीच्या ग्राहकालाही बसते.

जिल्ह्यातील दुकानांत छपाईयंत्रे, लॅपटॉप आणि कार्यालयीन संगणकांना जास्त मागणी असते. महागडी कार्डे मागवून घ्यावी लागतात. त्यामुळे ग्राहक नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात किंवा ऑनलाइन खरेदी करतात. पोस्टाने किंवा कुरिअरने मागवलेल्या मॉनिटरचा पडदा वाटेत तडकण्याचा आणि त्यावर मृत पिक्सेल निघण्याचा धोका असतो, म्हणून खोका उघडतानाचे चित्रण करून ठेवण्याचा प्रघात पडला आहे. कार्डाला हा धोका कमी. उलट हमीच्या काळात ते सेवा केंद्रापर्यंत पाठवणेही सोपे. २७ इंची मॉनिटर मूळ खोक्याशिवाय एसटीने किंवा रेल्वेने दुसऱ्या शहरात नेणे किती अवघड असते, हे ज्यांनी नेला आहे तेच जाणतात. मॉनिटर घेताना घरपोच हमीसेवा आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे आधी विचारणे यासाठी आवश्यक ठरते.

सेकंडहँड बाजारात कार्डाची निवड अधिक जोखमीची असते. खाणकामात वापरलेले कार्ड बिघडलेलेच असते असे नाही, पण पंखे झिजलेले आणि उष्णतावाहक लेप सुकलेला असण्याची शक्यता असते. किमान अर्धा तास जड खेळ चालवून, तापमान आणि पडद्यावरील ठिपके पाहूनच व्यवहार करावा. बिल नसेल तर उरलेल्या हमीचा उपयोग होईलच, असे धरून चालू नये.

आयुर्मान

मॉनिटर आधी घेण्याच्या बाजूने सर्वाधिक दिला जाणारा युक्तिवाद टिकाऊपणाचा आहे. एनव्हिडियाच्या मालिका २०१६, २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ मध्ये आल्या, म्हणजे दर दोन-अडीच वर्षांनी कार्ड एक पिढी जुने होते. चांगला मॉनिटर सात ते दहा वर्षे चालतो आणि या काळात तीन कार्डे पाहतो. अभ्यास, चित्रपट आणि कार्यालयीन काम यांसाठीही त्याचा रोज उपयोग होतो. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) आणि अनेक महाविद्यालये असल्याने ज्या घरात संगणक आधी अभ्यासाचा आणि मग खेळाचा आहे, तेथे हा मुद्दा पालकांना पटवण्यासही सोपा जातो. मात्र ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांची जुळणी, त्रिमितीय आराखडे किंवा चलच्चित्र संपादन हे अभ्यासाचा भाग असतील, तर कार्डही अभ्यासाचेच साधन ठरते.

विरुद्ध बाजूचा युक्तिवादही दखलपात्र आहे. मॉनिटरच्या तंत्रज्ञानात अलीकडे वेगाने बदल होत असून ओएलईडी पडद्यांच्या किमती उतरत आहेत. आज घेतलेला मध्यम मॉनिटर दोन वर्षांनी त्याच पैशात बराच चांगला मिळू शकतो. याउलट कार्ड नसेल तर काही खेळ सुरूच होत नाहीत. साधे चित्र दिसण्यापेक्षा काहीच न दिसणे अधिक वाईट, या न्यायाने केवळ प्रोसेसरमधील अंतर्भूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात जवळजवळ नेहमी कार्डच आधी घ्यावे लागते.

कंपनीचा पाठिंबा ही आणखी एक मर्यादा. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांच्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळणार आहेत. एकेकाळी अत्यंत लोकप्रिय असलेले जीटीएक्स १०६० (२०१६) यातच मोडते. हे कार्ड असलेल्यांनी जुनेच खेळ खेळायचे असतील तर मॉनिटर घेण्यास हरकत नाही; नवे खेळ हवे असतील तर कार्डाला प्राधान्य द्यावे.

जोडणीतील अडचणी

नवा मॉनिटर आणूनही फरक न जाणवण्याचे सर्वांत सामान्य कारण तांत्रिक कमतरता हे नसते. विंडोज अनेकदा तो ६० हर्ट्झवरच चालवते आणि डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन दर स्वतः निवडावा लागतो. केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या एचडीएमआय छिद्रात खोचलेली असणे हा दुसरा प्रकार. एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट असून ती १०८० वर १२० हर्ट्झपर्यंत पुरते, एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिट १४४० वर १४४ हर्ट्झला पुरते. जुन्या कार्डावर डिस्प्लेपोर्ट असल्यास तेच वापरणे श्रेयस्कर. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए जोडणी असेल आणि नव्या कार्डावर ती नसेल, तर विद्युत् परिवर्तक घ्यावा लागतो. कार्ड आधी घेणाऱ्यांच्या हिशेबातून हा खर्च बहुधा सुटतो.

कार्डाच्या बाजूने पीसीआय एक्सप्रेसची पिढी पाहावी लागते. आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२) हे कार्ड चारच वाहिन्या वापरते आणि तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर त्याची कामगिरी लक्षणीय घटते. आरटीएक्स ४०६० आठ वाहिन्या वापरते, तेथे फटका पुष्कळ कमी बसतो.

खेळातील ‘पिंग’, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा काळ, या दोन्ही खरेदींनी बदलत नाही. व्हॅलोरंटचे भारतीय सर्व्हर मुंबईत आहेत. परभणीहून तेथपर्यंतचा विलंब इंटरनेट जोडणीवर ठरतो. खेळाडू अडखळतो तो फ्रेममुळे की पिंगमुळे, हे खेळातीलच आकड्यांवरून आधी वेगळे करावे.

लॅपटॉप

गेमिंग लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच डकवलेली असल्याने ती बदलता येत नाही. तेथे क्रमाचा प्रश्न उरत नाही. बाह्य मॉनिटर हाच एक पर्याय असतो. काही लॅपटॉपमध्ये अंतर्गत पडद्याकडे जाणारे चित्र प्रोसेसरच्या अंतर्भूत ग्राफिक्समधून फिरून जाते, तर एचडीएमआय किंवा यूएसबी-सी जोडणी थेट मुख्य चिपशी असते. अशा लॅपटॉपला बाह्य मॉनिटर लावला, की पडदा मोठा होतोच, शिवाय फ्रेम दरही काहीसा वाढतो. कोणती जोडणी कोणत्या चिपशी आहे, हे एनव्हिडियाच्या नियंत्रण फलकात दिसते.